एका खाटेचे दोन भाडेकरू

शरयूबाईंचं डावं मनगट मोडलं ते त्यांच्याच खोलीच्या दारात. गुणवंत नावाचा त्यांचा पहिला भाडेकरू अख्खा पावसाळा भाडं न देता राहिला होता. बाई दारात जाऊन "खोली खाली कर" म्हणाल्या, तेव्हा त्यानं दार असं आपटलं की चौकटीत हात सापडून हाड कडकन वाजलं. बाई किंचाळल्या. गुणवंतनं दार उघडलं, नीट बघितलं आणि पुन्हा एकदा आपटलं.

ती किंकाळी जबलपुरातल्या अर्ध्या चेरीताल मोहल्ल्यानं ऐकली, पण मधे कोणी पडलं नाही. धाकटे दीर भय्यासाहेब मात्र दुसऱ्या दिवशी आखाड्यातले चार पहिलवान घेऊन हजर झाले. त्यांनी गुणवंतला केसांना धरून अंगणात ओढलं आणि धुण्याच्या दगडावर तोंड आपटून आपटून त्याचे पुढचे दात पाडले. शरयूबाई हात गळ्यात बांधून ओट्यावरून बघत होत्या. खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं. "आणखी एक द्या ठेवून," असंही त्या म्हणाल्या.

गुणवंत रक्त थुंकत गेला. भय्यासाहेब हात धुऊन ओट्यावर टेकले.

"वहिनी, हे बाईमाणसाचं काम नाही. जागा माझ्या नावावर, खोल्या दादानं बांधलेल्या. तो होता तोवर मी बोललो नाही. पण आता इथं पुन्हा मारामारी झाली, तर चाव्या मी नेणार. तुम्ही चलो आमच्याकडे. काहून एकट्या राहून राहिल्या?"

ते घर शरयूबाईंना ठाऊक होतं. जाऊबाई विनता पहिल्याच दिवशी हातात लाटणं देतील आणि ते लाटणं मग सरणावरच सुटेल. बाईंच्या यजमानांनी, मुरलीधरपंतांनी, तोफगाड्यांच्या कारखान्यात लेथवर जन्म काढून दोनच खोल्या बांधल्या होत्या. पुढच्या खोलीत बाई राहायच्या, मागची भाड्यानं द्यायच्या. त्या दोन खोल्या होत्या म्हणून त्या कुणाच्या मिंध्या नव्हत्या. चाव्या गेल्या की सगळंच गेलं. भाडेकरूशी भांडण म्हटलं की त्यांनी कानाला खडा लावला.

पुढं लढाईचे वारे वाहू लागले. कारखान्यात दिवसरात्र काम सुरू झालं, खेड्यापाड्यांतून माणसं भरतीला आली आणि जबलपुरात पाठ टेकायला जागा मिळेना. मग लोकांनी खोली सोडून खाटच भाड्यानं द्यायला सुरुवात केली. दिवसपाळीवाला रात्री झोपायचा, रातपाळीवाला दिवसा. खाट थंड व्हायच्या आत दुसरा येऊन आडवा. शरयूबाईंनीही मागच्या खोलीत एका खाटेवर दोघं ठेवले. रात्री झोपणारा विष्णू, सौंसरकडचा पोरगेला फिटर. दिवसा झोपणारा बद्रीप्रसाद, सिहोऱ्याजवळच्या गावचा, तीन लेकरांचा बाप. नियम एकच होता. कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत उठायचं, आपलं अंथरूण गुंडाळून फळीवर टाकायचं आणि खाट मोकळी करून बाईंना तसं सांगून जायचं.

दोघांची गाठ कधी पडायची नाही. पण न भेटताही माणसं भांडतात. विष्णूच्या तांब्यात विड्यांची थोटकं निघाली. बद्रीच्या उशीला दुसऱ्याच्या डोक्याचं तेल लागलं. सकाळी एकाची तक्रार, संध्याकाळी दुसऱ्याची.

"एक दिवस सुट्टी टाकतो न् त्याची वाट पाहतो काकू," विष्णू म्हणाला. "समोर तर येऊ द्या त्याला."

बाईंच्या वाकड्या मनगटातून कळ गेली. त्यांना धुण्याचा दगड दिसला, भय्यासाहेब दिसले, लाटणं दिसलं. आणि त्या बोलून गेल्या, "त्याच्या नादी लागू नको बापा. उशाला सुरा घेऊन झोपतो तो."

"सुरा? काहून?"

"मला काय विचारतोस? एकदा भोसकून आत जाऊन आलाय म्हणे."

विष्णूचा चेहरा उतरला. औषध लागू पडलं म्हटल्यावर बाईंनी सकाळी बद्रीलाही पाजलं. "भैया, उसके मुँह मत लगना. इटारसी में एक आदमी का हाथ तोड़ के आया है." हात तोडला म्हणजे काय, ते कळावं म्हणून त्यांनी आपलं मनगटही त्याच्यापुढं धरलं. बद्रीनं ते बघितलं आणि नुसती मान हलवली.

त्या दिवसापासून खोलीचं देऊळ झालं. विष्णू निघताना केर काढायचा. बद्री खाटेची सुतळी ताणून द्यायचा, माठ भरून ठेवायचा, विडी अंगणात ओढायचा. दोघं भोंग्याच्या कितीतरी आधी खाट सोडून पळायचे. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "शरयूबाई, भाडेकरू कुठून आणता हो असे?" बाई हसायच्या. भाडेकरूला धाक हवा, आणि तो आपण आवाजही न चढवता घातला, याचं त्यांना मोठं कौतुक वाटायचं. भीती ही पाळायची वस्तू नव्हे, हे त्यांना कोण सांगणार?

डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई पेटली. खिडक्यांना काळे कागद लागले. दिवस मावळला की दिवा लावायचा नाही, असा हुकूम आला. अशातच एका सकाळी बद्री तापानं फणफणत आला आणि खाटेवर कोसळला. दुपारी बाईंनी पेज नेऊन दिली. त्याला उभंही राहवत नव्हतं. आज रात्री त्याला आपल्या खोलीत टाकावं आणि विष्णूला तसं सांगावं, असं बाईंच्या मनात आलं. पण मग दोघं समोरासमोर येणार, बोलणार, आणि आपलं बिंग फुटणार.

"शाम से पहले उठ जाना भैया," त्या म्हणाल्या. "वो आ गया तो मेरे बस की बात नहीं."

एवढं बोलून त्या रॉकेलच्या रांगेला गेल्या. रांग हलेना. बाई परतल्या तेव्हा अंधारून आलं होतं आणि विष्णू अंगणात सायकल भिंतीला लावत होता. मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी नव्हती. म्हणजे बद्री आतच होता.

"विष्णू, थांब!"

त्याच क्षणी हवाई हल्ल्याचा भोंगा सुरू झाला आणि बाईंचा आवाज त्यात बुडाला. विष्णूनं दार ढकललं.

आत बद्री खाटेवर उठून बसला होता. उठून जायचं त्राण नव्हतं, म्हणून दाराची आगळ मांडीवर घेऊन तो तासन् तास दाराकडं बघत बसला असला पाहिजे. दारात माणूस दिसताच त्यानं ती आंधळ्यासारखी फिरवली. आगळ विष्णूच्या कानावर बसली. विष्णू भेलकांडला, आणि सुऱ्याच्या भीतीनं जो लोखंडी पाना तो डब्याच्या पिशवीत बाळगायचा, तो त्यानं उपसला.

दोघं एकमेकांना धरून अंगणात आदळले. बाईंच्या हातातला डबा सुटला, रॉकेल सांडलं. आगळ पुन्हा उठली आणि विष्णूच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तो आवाज बाईंच्या ओळखीचा होता. विष्णूनं पाना घातला, बद्रीचे ओठ फाटले. पुन्हा घातला, तेव्हा भुवई फुटून डोळा रक्तानं भरला. भोंगा थांबला आणि बाईंना ते काय ओरडताहेत ते ऐकू आलं.

"सुरा टाक! सुरा टाक पहले!" विष्णू ओरडत होता आणि मारत होता.

"हाथ मत तोड़ना भैया," बद्री म्हणत होता. "हाथ मत तोड़ना."

दोन्ही वाक्यं बाईंचीच होती. त्या धावल्या, विष्णूच्या दंडाला लटकल्या. त्याच्या कोपराचा फटका तोंडावर बसून त्या मागं पडल्या. बद्री दोन्ही हात पोटाशी लपवून धुण्याच्या दगडापर्यंत सरपटत गेला. हात वाचवायच्या नादात त्यानं डोकं उघडं टाकलं होतं. पाना तिथं पडला. मग आणखी एकदा पडला. मग बद्री हलला नाही.

विष्णू धापा टाकत खोलीत गेला. काडी ओढून त्यानं उशी उचलली, सतरंजी झटकली, खाटेखाली हात घातला. उशाला तापाच्या गोळ्यांची पुडी होती आणि सुतळीचा गुंडा.

"काकू, सुरा कुठं हाय?" त्यानं विचारलं.



निळा कागद लावलेली बॅटरी घेऊन थानेदार आला. त्याच्या पाठोपाठ भय्यासाहेबही आले. विष्णूच्या हातांत बेड्या पडल्या. एक खांदा लोंबत होता.

"मी त्याला ओळखतही नव्हतो साहेब," तो रडत म्हणाला. "काकूंनी सांगतलं, सुरा घेऊन झोपते म्हणून. सांगा ना काकू!"

थानेदारानं बाईंकडं बॅटरी वळवली. "क्यों माताजी? आपने कहा था?"

भय्यासाहेब पुढं झाले. "हमारी भाभी ऐसी नहीं हैं." आणि मग हळूच मराठीत, "वहिनी, नाही म्हणा. घराण्याचं नाव आहे. नाही म्हणा, मी चाव्या मागणार नाही."

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी बाईंनी जीव टांगणीला लावला होता, तो शब्द असा मिळत होता. अंगणात, मुडद्याच्या उशाशी.

"मैंने ऐसा कुछ नहीं कहा," बाई म्हणाल्या.

विष्णूनं त्यांच्याकडं बघितलं. "चलो," म्हणून शिपायानं ओढलं, तर म्हणाला, "एक मिनट भैया." खोलीत जाऊन बेड्या घातलेल्या हातांनी त्यानं बद्रीची सतरंजी खाटेवर सारखी केली, कण्हत कण्हत गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि बद्रीच्या फळीवर ठेवली. उशीही ठेवली. मग रोजच्यासारखा दारात उभा राहून म्हणाला, "काकू, खाट मोकळी केली."

शरयूबाईंच्या पोटातून असा आवाज निघाला की शिपाई मागं सरला. दोन वेळा दारात मनगट चेचलं, तेव्हाही त्या अशा ओरडल्या नव्हत्या.

"साहब, रुकिए. मैंने झूठ बोला. छुरे वाली बात मैंने ही कही थी. और उस बेचारे को भी मैंने ही डराया. दोनों को मैंने डराया."

"वहिनी!" भय्यासाहेब गरजले. "शुद्धीवर आहात का?"

बाईंनी कमरेच्या चाव्या ओढून काढल्या आणि त्यांच्या अंगावर फेकल्या. त्या रॉकेलच्या चिखलात पडल्या. बाईंनी तिकडं बघितलंही नाही. विष्णूचा मोडका खांदा धरून त्या त्याच्याबरोबर गाडीपर्यंत चालत गेल्या.