अंगदने नमुने बदलले नव्हते

अंगदला कामावरून काढलं ते शुक्रवारी सकाळी, सगळ्यांसमोर. नवीन जालन्यातल्या त्या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत तो अकरा वर्षं नमुने तपासणीला लावत होता. मक्याच्या एका लॉटला गोदामात बुरशी लागली, आणि कॉम्प्युटरमध्ये त्याच लॉटचा ओलावा अवघा आठ टक्के, म्हणजे माल कोरडा, असा नोंदलेला निघाला.

"मक्याच्या मशीनमध्ये तूच सरकी टाकलीस!" मॅनेजर सुग्रीव सर ओरडले.

"मी? मका अन् सरकी न कळायला आंधळा हाय का मी? अकरा वर्षांत कधी चुकलो?"

सरांनी दाराकडे बोट केलं. अंगद डबा उचलून निघून गेला.

शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसलेल्या साजियाने हे सगळं ऐकलं. ओलावा मोजणारी दोन्ही मशीन, मक्याचं आणि सरकीचं, एकसारखी होती आणि यूएसबी-सिरियल केबलने तिच्या लिनक्स कॉम्प्युटरला जोडलेली होती. चालू होताना जी केबल आधी सापडेल तिला कॉम्प्युटर शून्य नंबर द्यायचा, दुसरीला एक. प्रोग्राम मात्र डोळे मिटून शून्यावरचा आकडा मक्याचा धरायचा आणि एकवरचा सरकीचा. मशीन बसवायला आलेल्या इंजिनियरला तिने तेव्हाच विचारलं होतं, "लाइट जाऊन आल्यावर नंबर उलटे झाले तर?" तो हसला होता. "मॅडम, तुम्ही फक्त एंट्री करा." तिने रूटचा, म्हणजे कॉम्प्युटरची सेटिंग बदलायचा पासवर्ड मागितला, तर सर म्हणाले होते, "ऑपरेटरला काय करायचाय?"

तिने जुन्या नोंदी उघडल्या. त्या लॉटची तपासणी झाली त्याच दिवशी, तपासणीच्या जरा आधी लाइट जाऊन आल्ती. त्यानंतर सरकीचे दोन लॉट उगाच वाळवणीला परत गेल्ते. स्क्रीनवर दिसलेले ते आकडे तिने स्वतः अहवालात टाइप केले होते आणि ती एकदाही थबकली नव्हती. याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

तिने मक्याच्या मशीनमध्ये भिजवलेला मका टाकला, दुसऱ्यात कोरडी सरकी, आणि कॉम्प्युटर बंद-चालू केला. आकडे बराबर आले. पुन्हा केला, तरी बराबर. तिसऱ्यांदा सरकीपुढे एकवीस टक्के उमटले.

"सर, इकडं या."

सुग्रीव सरांनी पाहिलं. मग दार लोटून ते हळू आवाजात म्हणाले, "गुपचूप दुरुस्त कर. वर कळायला नको."

"अन् अंगदभाऊ?"

"बघू नंतर."

"नंतर न्हाई, सर! ओरडून काढलं ना त्यांना? मंग ओरडूनच बोलवा. पासवर्ड द्या आता. अन् हेड ऑफिसला मी लिहिणार, माझी चूकसुद्धा लिहिणार."

"नोकरी नको झाली का तुला?"

"एकाची घेतली ना खोट्या आरोपात? माझी घ्या, पण पासवर्ड आधी द्या. न्हाईतर उद्या पुन्हा हेच होणार."

सरांनी चिठ्ठीवर पासवर्ड लिहून ती टेबलावर आपटली.

दोन्ही केबली वेगळ्या ओळखू येतील असा नंबरच त्यांच्यावर नव्हता, म्हणून साजियाने कॉम्प्युटरच्या मागच्या सॉकेटांवरून नियम लिहिला: वरच्या सॉकेटात लागेल ती कायम 'मका', खालच्या सॉकेटात लागेल ती कायम 'सरकी'. प्रोग्राममध्येही हीच नावं घातली. मग मेन स्विच दहा वेळा पाडला. दहाही वेळा नावं जागची हलली नाहीत. संध्याकाळी तिने हेड ऑफिसला सगळं लिहून पाठवलं.

सोमवारी वरून फोन आला आणि सरांना अंगदला बोलवावंच लागलं. सगळा स्टाफ गोळा झाल्ता.

"जरा गैरसमज झाला," सर म्हणाले.

"गैरसमज न्हाई, साहेब. आरोप केल्ता तुम्ही. घरी बायकोनं, बेबीनंदानं विचारलं, खरंच केलं का? तिला खुलासा देत बसलो मी तीन दिवस."

"चूक माझी होती," सर शेवटी म्हणाले. बिलकुल बारीक आवाजात.

"ऐकू न्हाई आलं," साजिया मागून म्हणाली.

सरांनी तिच्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं. मग मोठ्यांदा म्हणाले, "चूक माझी होती, अंगद."

अंगदने मान हलवली नाही, हातही जोडले नाहीत. मक्याची पिशवी उचलली आणि तो मशीनकडे गेला.