रुखमाबाईच्या अंगणातली मरळ

या, असे पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकलेल्यांनीही यावं, कारण ही कथा मोठ्यानं सांगायची नाही. आज मासोळीची कथा आहे. माळकऱ्यांनो, नाक मुरडू नका, जरा दम धरा. देवाच्या दारापासून आपण फार लांब जाणार नाही.

तर रुखमाबाई गोठ्यात बाजेपाशी उभी होती, आणि तिच्या हातातलं पेजेचं वाटगं नेलं तसंच भरलेलं होतं. बाजेवर धावजीनं तोंड भिंतीकडे फिरवलेलं.

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. महागावच्या अलीकडे, पूस नदीच्या काठचं गाव. रुखमाबाई साठीला टेकलेली, मूलबाळ नसलेली विधवा. गळ्यात तुळशीची माळ, आणि गावात कुठंही कीर्तन असो, पहिल्या रांगेत ती. धावजी तिचा सालदार. नवरा गेल्यापासून तिची कापसाची पऱ्हाटी आणि तूर उभी राहिली ती याच्या जिवावर. त्याचा बंजाऱ्यांचा तांडा नदीपलीकडे. भादव्यात तो काम करता करता तापानं पडला, तो तिच्याच गोठ्यात. नदीला पूर, पैलतीरी न्यायची सोय नाही. आणि पलीकडे तरी कोण होतं? त्याची बायको जमनी उन्हाळ्यात वारली होती. लेक लांब ढाणकीकडे दिलेली.

आता ताप उतरला होता. पण वैद्यांनी जाताना रुखमाबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, रोग गेला, माणूस मात्र उठायचं नाव घेत नाही. पोटात अन्न गेलं नाही तर हातचा जाईल. जे मागेल ते द्या. पेज झाली, मुगाचं कढण झालं, साखर घातलेलं दूध झालं. धावजी एक घोट घेई आणि तोंड फिरवी.

“आता तू तरी सांग बाप्पा, काय खाशीन?” तिनं विचारलं.

धावजी भिंतीशीच बोलल्यासारखा म्हणाला, “तुमच्या घरात सांगासारखं नाही थे, बाई.”

“सांग म्हनते ना.”

“जमनी मासोळी तळे. लाल, तिखट. नाकातून पानी काढे. थेच डोयापुढं येऊन राह्यली.”

रुखमाबाई वाटगं घेऊन बाहेर आली. अंगण सकाळीच सारवलेलं होतं, कारण गावात सप्ताह बसला होता आणि आज कीर्तनकार बुवांच्या जेवणाची पाळी तिची होती. या पाळीसाठी ती मागच्या सप्ताहापासून थांबलेली. पुरण शिजून तयार होतं. ती तुळशीपाशी थोडी थांबली. काय बोलली ते तिला आणि तुळशीलाच ठाऊक. मग पुरणाचं पातेलं पदराखाली घेऊन शेजारच्या इंदूबाईकडे गेली आणि बुवांना आज तुझ्याकडे जेवू घाल म्हणाली.

इंदूबाईनं कारण विचारलं. रुखमाबाईला खोटं बोलता येत नसे. “माह्या आंगनात आज मासोळी शिजनार हाय,” तिनं सांगून टाकलं.

इंदूबाईनं तोंडावर हात ठेवला. मग तो काढून म्हणाली, “मंग माळ काढून ठेवशीन का?”

“कायले काढू? मी खाऊन राह्यली का?”

इंदूबाईनं पातेलं घेतलं. आणि रुखमाबाई वळली तशी आढ्याची लसणाची जुडी तोडून दोन गड्डे तिच्या ओंजळीत टाकले. चातुर्मासात माळकरणीच्या घरी लसूण कुठचा, आणि त्याशिवाय मासोळी कशी व्हायची, तेवढं तरी कळते का तुले, असं वरून ऐकवलं.

हाक मारली तशी मासोळी विकणारी भोईण दारात आली, ती हसतच. आजवर या दारावरून ती नेहमी टोपली पलीकडच्या काखेत घेऊन जात असे. पुराच्या पाण्यातली ताजी मरळ तिनं खवले काढून, तुकडे करून दिली, पदरात ज्वारी घेतली, आणि जाताना धावजी कसा आहे ते विचारून गेली.

गोठ्यापुढे तीन दगडांची चूल मांडली. गोठ्यामागे टाकून दिलेला लोखंडी तवा राखेनं घासला. आता मोठी पंचाईत अशी, की रुखमाबाईनं जन्मात मासोळी शिजवली नव्हती. आणि ज्याच्या भरवशावर ती बसली होती त्यानंही नाही.

“मी कुठं रांधली, बाई?” धावजी बाजेवरून म्हणाला. “मी त निस्ती खाल्ली.”

तरी तो आठवू लागला. जमनी आधी हळद-मीठ लावून ठेवे. लाल मिरच्या भिजत घाली. मग दगडावर लसणासोबत वाटे, तेव्हा हातातल्या बांगड्या वाजत. तुकडे ज्वारीच्या पिठात घोळवून जवसाच्या तेलात सोडी. पहिल्यानं मोठा आवाज होई, मग तो बारीक होत जाई, आणि बारीक झाला की ती पलटवी. रुखमाबाईनं पायरीचा दगड धुऊन मिरच्या वाटल्या. डोळ्यांना धारा लागल्या. पदर नाकाला लावायला हात मोकळा नव्हता, आणि धावजीला कितीतरी दिवसांनी हसू फुटलं.

पण आंबटाशी येऊन तो अडला. चिंच होती की दुसरं काही? तो डोळे मिटून पडला. ओठ हलले. बायको पुन्हा एकदा हातातून निसटावी तसा तो चाचपडत होता. “याद नाही येऊन राह्यली, बाई,” तो म्हणाला. “साऱ्या जन्माची खाल्ली, अन् याद नाही.”

रुखमाबाईचा वाटणारा हात थांबला. जमनी किती वर्षं तिच्याच वावरात तण निंदायला होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून भाकर सोडायची. त्या फडक्यात भाकरीसोबत काय असतं, हे रुखमाबाईनं एकदाही विचारलं नव्हतं. माळ घातलेल्या बाईनं विचारू नये, एवढंच तिला माहीत होतं.

“आंबाडी असन,” ती हळूच म्हणाली. “भादव्यात आपल्या धुऱ्यावर आंबाडीच असते, धावजी. जमनी दुसरं कायले घालीन?”

धावजीनं डोळे उघडले. “आंबाडीच,” तो म्हणाला. “आंबाडीच थे.” रुखमाबाईनं आंबाडीची पानं आणून वाटणात टाकली.

देवळात मृदंग लागला होता. बुवा उभे राहिले असतील, अभंग सुरू झाला असेल. रुखमाबाईची पहिल्या रांगेतली जागा आज रिकामी होती. ती चुलीपाशी बसून तव्याचा आवाज ऐकत होती, आणि तो बारीक झाला तशी तिनं तुकडे पलटवले.

ताट वाढलं. भाकर, मरळीचे लालबुंद तुकडे. आणि बाजेपाशी आणून ठेवेपर्यंत तिच्या ध्यानात आलं नाही, की आयुष्यभराच्या सवयीनं हातानं आपलं काम केलं होतं. मासोळीवर तुळशीचं पान होतं.

दोघांनीही ते एकदमच पाहिलं. पान उचलावं तरी पाप, ठेवावं तरी पाप. तिचा हात मध्येच अडकला. धावजीनं आपला हात पुढे केला, ते पान उचललं, कपाळाला लावलं आणि कानावर खोचलं.

“देवाले पोचलं, बाई,” तो म्हणाला. “आता मले खाऊ द्या.”

पहिल्या घासाला त्याला ठसका लागला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. रुखमाबाई पाण्याचा गडवा घेऊन वाकली. तो चावत राहिला, सावकाश, काहीतरी शोधत असल्यासारखा.

“जमनीसारखी नाही झाली,” तो म्हणाला. “मीठ कमी हाय.”

रुखमाबाईचं तोंड उतरलं. नैवेद्य काही चाखून पाहत नाहीत, आणि हे तर तिला चाखताच येत नव्हतं.

“अजून एक दे, याडी.”

तांड्यात आईला याडी म्हणतात. इतक्या वर्षांत त्यानं तिला बाईच म्हटलं होतं.

दुसऱ्या तुकड्याचे काटे त्याला निघेनात. बोटांत त्राणच नव्हतं. रुखमाबाईनं पदर खोचला, जमिनीवर बैठक मारली, ताट आपल्याकडे ओढलं आणि जपमाळेचे मणी ओढणाऱ्या बोटांनी एकेक काटा काढायला लागली. काटा सापडला की बाजूला, मऊ भाग त्याच्या पुढ्यात. अशी तिनं सगळी भाकर संपवली त्याच्याकडून. देवळात आरती सुरू झाली तेव्हा तिचे हात आपोआप जुळले. तेलानं आणि तिखटानं मनगटापर्यंत माखलेले होते, ते तसेच जुळले.

पुढच्या पोळ्याला तिचे बैल धावजीनंच सजवले. तवा धुऊन गोठ्याच्या खुंटीला टांगलेला असे, आणि भादव्यात एकदा तो खाली निघे.

बस, एवढीच कथा. आता मागणं एकच. जमनीला तुम्ही पाहिलं नाही, रुखमाबाईनं पाहूनही पाहिलं नव्हतं. उद्या ताटावर बसाल आणि पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येईल, तेव्हा देवाच्या नावापाठोपाठ तिचंही नाव घ्या. जमनी म्हणा. पुरे होईल.