मायभूची भिंत

वैशाखरे गावात नवसूचं घर माळशेज घाटाच्या रस्त्याला लागून होतं. रस्त्याकडची भिंत लांबरुंद, म्हणून जाहिराती रंगवणारे तिच्यावर टपलेले असत. एका परदेशी थंड पेयाच्या माणसाला नवसूने अंगणातूनच परत पाठवलं होतं. पण २००२ च्या दिवाळीनंतर मुरबाडचा पेंटर पंकज ‘मायभू’ साबणाचं चित्र घेऊन आला. तिरंग्याचे पट्टे, पुढे नांगर धरलेला शेतकरी, खाली ‘आपल्या मातीचा, आपल्या माणसांचा’.

“देशी कंपनी हाय ना?” नवसूने विचारलं.

“चित्र बघा ना, काका.”

नवसूने भिंत फुकट दिली. वर हाच साबण घ्या म्हणून गावभर सांगत फिरला.

उन्हाळ्यात त्याची मुलगी रंजिता मुरबाडच्या कारखान्यात त्याच साबणाच्या पॅकिंगला लागली. एक दिवस घरी येऊन ती म्हणाली, “बाबा, आज मोठे साहेब आलेले. सगळे गोरे. कंपनी त्यांचीच हाय.”

नवसूचा विश्वास बसेना. रंजिताने वडीच्या कागदामागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. मालक कंपनीचं नाव त्याला धड उच्चारताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीला चुना फासला. ऑइलपेंटवर चुना धरेना. वाळला की पापुद्रे सुटत आणि नांगरवाला पुन्हा दिसे. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा तो तडक मुरबाडला गेला.

“मला फसवलंस तू,” तो पंकजला म्हणाला.

पंकजने ब्रश खाली ठेवला. “काका, मला बी चित्रच दिलं होतं, मालक नाय दाखवला. आन साबण इथंच होतो. तुमचीच पोरगी भरते. मंग देशी नाय तर काय?”

नवसू तसाच परत फिरला. पंकजचा तो सवाल त्याला वाटभर खात राहिला.

घरी येऊन त्याने कुदळ घेतली आणि भिंतीचा गिलावाच उकरायला लागला. बायको गोदू ओरडली, “पावसाच्या तोंडावर घर उघडं करता?” तो थांबला नाही.

रंजिता कामावरून आली आणि बघत उभी राहिली.

“बाबा, मी नोकरी सोडू का?”

नवसूची कुदळ हवेतच राहिली. गावातल्या दुसऱ्या कुठल्या पोरीला अजून काम लागलेलं नव्हतं.

“नको,” तो म्हणाला, आणि पुढचा घाव त्याने इतक्या जोरात घातला की आतली वीट फुटली.