जावई रुसले

त्याने तिसऱ्या टेबलाची खुर्ची पुढे ओढली, नकाशा उघडला आणि हाताची घडी घालून बसला. बसून राहणं हेच काम होतं. रुग्णवाहिकांच्या या नियंत्रण कक्षात नकाशा सकाळपासून उघडा असतो आणि दिवसात कधीतरी तो आपोआप गोठतो, अशी तक्रार होती. तेव्हा तो गोठेपर्यंत वाट बघणं भाग होतं. पडद्यावर शहरभर लाल खुणा होत्या. दर काही सेकंदांनी प्रत्येक गाडी आपला ठावठिकाणा कळवायची आणि तिची खूण नव्या जागी उमटायची. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत, हा नकाशा संगणकाची किती मेमरी खातोय त्याचा आकडा दिसत होता. आकडा वाढत होता, पण अजून काळजी करण्याजोगा नव्हता.

खरं तर तो नाइलाजाने आला होता. नकाशा त्याने एकट्याने बनवला होता आणि स्वतःच्या कामाबद्दल त्याला अंमळ जास्तच खात्री होती. तक्रार आली की तो ऑफिसातूनच हात झटकायचा. ही माणसं एकावेळी ढीगभर पानं उघडून ठेवतात, वर गाणी लावतात आणि खापर मात्र आपल्यावर फोडतात, असं तो जेवताना बायकोला ऐकवायचा. बायकोची आई याच कक्षात नोकरीला होती, त्यामुळे बायको काही बोलायची नाही. नुसती ताटाकडे बघायची. या वेळी मात्र वरूनच सांगणं आलं की स्वतः जाऊन बघ.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीला सगळे चिमणी म्हणत. का म्हणत ते त्याला लवकरच कळलं. दोन फोनांच्या मध्ये जरा उसंत मिळाली की ती बोलायला लागायची आणि फोन वाजला की अर्ध्या शब्दावर थांबून शांत, जबाबदार आवाजात पत्ता विचारायची. शेजारी येऊन बसलेला हा माणूस कोण हे तिला ठाऊक नव्हतं. कंपनीतून कोणीतरी आलंय, एवढंच तिला सांगितलं होतं.

दुपारी तिने आपल्या पडद्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"जावई रुसले गं," ती कोणालाच उद्देशून नाही अशा बेताने म्हणाली.

पलीकडून एकीने, तुझ्या गाड्या मी बघते, असं सांगितलं. चिमणीने पान बंद करून पुन्हा उघडलं. तिच्या पडद्यावरच्या सगळ्या खुणा एकदम इकडच्या तिकडे झाल्या.

जावई कोण, असं त्याने विचारलं. चिमणीला तेवढंच हवं होतं. जावई म्हणजे हा नकाशा. काकूंच्या जावयाने केलेला. काकू आत्ता तो बसलाय त्याच खुर्चीवर बसायच्या आणि नवीन कोणी कामाला आलं की आधी सांगायच्या, हे माझ्या जावयाने केलंय बरं का. पुढे नकाशा मधेच अडून बसायला लागला, तेव्हा नावही त्यांनीच ठेवलं. जावई आहेत, रुसायचेच. पुन्हा बोलावलं की उठतील, असं म्हणायच्या आणि सगळ्या हसायच्या.

तोही हसला. मीच तो, हे सांगायची वेळ हीच होती. त्याने ती जाऊ दिली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की काकू आता कुठे असतात.

"स्टोअरमध्ये टाकलंय त्यांना," चिमणीचा आवाज खाली आला.

सासूबाईंची जागा बदलल्याचं त्याला माहीत होतं. आता फोन नाहीत, धावपळ नाही, असं त्या एकदा घरी जेवताना सांगत होत्या. बरं झालं, आराम पडेल, असं तो म्हणाला होता आणि पुढे काही विचारलं नव्हतं. त्याच जेवणाच्या वेळी त्यांच्या नाकावर नवा चष्मा होता. आता मुंग्यांचे पाय मोजणार वाटतं, असं म्हणून त्याने सगळ्यांना हसवलं होतं. त्याही हसल्या होत्या.

चिमणी सांगत होती. एक म्हातारे गृहस्थ जिन्यावरून पडले, कंबरेचं हाड मोडलं. काकूंच्या नकाशावर त्यांच्या घराजवळच एक गाडी उभी दिसत होती, म्हणून काकूंनी ती धाडली. गाडी प्रत्यक्षात केव्हाच शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. आजोबा जिन्यातच कण्हत पडून राहिले. जीव वाचला, पण त्यांचा मुलगा येऊन वाट्टेल ते बोलून गेला. मग सगळ्यांना बैठकीला बोलावलं आणि नकाशेवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.

"तो म्हणजे काकूंचा जावईच की. म्हणतो कसा, नकाशात काही दोष नाही. थांबला असेल तर बघणाऱ्याला कळायला नको का? बसणाऱ्याचं लक्ष नसेल." चिमणीने ते नाकात बोलून दाखवलं. "नुसता नाकाने कांदे सोलत होता. आणि काकू समोर बसलेल्या. मी बोलायला उठले, तर त्यांनीच माझा हात धरून खाली बसवलं."

त्याला तो फोन आठवला. तिसरं टेबल, असं पलीकडून सांगितलं होतं. तिथे कोण बसतं हे विचारायला कितीसा वेळ लागला असता? तो घाईत होता म्हणून विचारलं नव्हतं, असंही नाही. विचारावंसंच वाटलं नव्हतं.

 चिमणीकडे बघवेना म्हणून त्याने पडद्याकडे तोंड वळवलं. नकाशा नेहमीसारखाच होता. एक गाडी पुलावर, दोन रुग्णालयाच्या दारात, एक चौकात. रंग तेच, रस्ते तेच. चौकातली गाडी सिग्नलला थांबली असावी, असं त्याला वाटलं. मग त्याने चिमणीच्या पडद्याकडे नजर टाकली. तिच्याकडे ती गाडी चौकात नव्हतीच. पार स्टेशनापलीकडे गेली होती. त्याने कोपऱ्यातला आकडा बघितला. तोही थांबलेला होता.

नकाशा केव्हा गोठला ते त्याला सांगता येईना. तेवढंच बघायला तो सकाळपासून इथे बसला होता.

दोष शोधायला फार वेळ लागला नाही, आणि याचीच त्याला जास्त लाज वाटली. प्रत्येक वेळी नवा ठावठिकाणा आला की त्याचा कोड प्रत्येक गाडीसाठी नवी खूण तयार करत होता आणि जुनी नकाशावरून काढत होता. काढत होता म्हणजे डोळ्यांआड करत होता. खुणेवर बोट ठेवलं की गाडीची माहिती यावी म्हणून त्याने प्रत्येक खुणेला जी जोडणी केली होती, ती सोडवायची तो विसरला होता. त्यामुळे काढलेली एकही खूण जात नव्हती. दिवसभर सगळ्या आत साचत राहायच्या आणि शेवटी नकाशाचा श्वास कोंडायचा. नवी खूण करायची मुळात गरजच नव्हती. तीच पुढे सरकवली असती तर भागलं असतं. त्याच्या ऑफिसात हे कधी दिसलं नाही, कारण तिथे काहीही बदल केला की तो पान नव्याने उघडायचा. दिवसभर एकाच पानासमोर कोणी बसून राहतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याने दुरुस्ती केली आणि नकाशा पुन्हा चालू केला. आकडा थोडा चढला, उतरला आणि तिथेच घुटमळत राहिला.

कक्षाच्या प्रमुख बाई फेरी मारत आल्या.

"काय जावईबापू, सापडलं का काही?"

चिमणीचा हात तोंडावर गेला. ती खुर्चीतल्या खुर्चीत लहान झाली. तिला काहीतरी बोलून मोकळं करावं असं त्याला वाटलं, पण तो उभा राहिला.

"सापडलं. चूक माझ्या कामात होती," तो म्हणाला. आवाज पुरेसा निघाला नाही असं वाटून त्याने पुन्हा, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं सांगितलं. "आईंची काही चूक नव्हती. फोनवर मी बोललो ते खोटं होतं."

 बाईंनी, असं असेल तर काकूंना परत टेबलावर घेता येईल, मी निरोप पाठवते, असं सांगितलं. त्याने नको म्हटलं. हे आपणच सांगायला हवं, एवढं त्याला कळत होतं.

स्टोअर जिन्याखाली होतं. जाताना त्याने मनात जुळवाजुळव केली. नकाशाला रुसणारा जावई हे नाव आईंनीच दिलं होतं, म्हणजे दोष नकाशात आहे हे त्यांना माहीत होतं. आपलं नाव खराब होऊ नये म्हणून त्या मूग गिळून बसल्या असणार. आपल्याला पाठीशी घातलं त्यांनी. आता आपण माफी मागू, आणि त्या म्हणतील, जाऊ द्या हो. ते ऐकायची तयारी करतच तो आत शिरला.

सासूबाई नावं वाचून खोकी फळीवर लावत होत्या. त्याला बघताच त्यांनी स्टुलावरचं खोकं उचललं.

"अहो, तुम्ही इकडे कुठे? जेवलात का?"

तो बसला नाही. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं. त्या दिवशी नकाशा थांबलेला होता, गाडी तिथेच दिसत होती, कोणीही तीच धाडली असती.

"म्हणजे ती खरंच तिथे दिसत होती?"

"हो."

"पण थांबलाय हे मला कळायला हवं होतं ना? तुम्हीच म्हणालात."

"आज माझ्यासमोर थांबला, आई. मलासुद्धा कळलं नाही."

त्या स्टुलावर बसल्या. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"मला वाटलं, मीच नीट बघितलं नाही. तुम्हाला त्यातलं कळतं, तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार. म्हटलं, डोळे गेले असतील. डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, नंबर तोच आहे, जुना चष्मा चालेल." त्या थांबल्या. "मी म्हटलं, असू दे. तरी नवा करून द्या."

 मुंग्यांचे पाय. त्या दिवशी जेवायला बसलेले सगळे हसले होते.

उद्यापासून वर यायचंय, बाईंनी सांगितलंय, एवढं त्याने कसंबसं पुरं केलं. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणाल्या नाहीत. चष्मा पुन्हा घालून त्या उठल्या, फळीजवळचं पुढचं खोकं हातात घेतलं. त्यावरचं नाव वाचलं. खोकं जरा उजेडाकडे वळवून पुन्हा वाचलं. मग ते त्याच्यापुढे धरलं.

"बघा बरं जरा. हातमोजेच आहेत ना, मोठे?"

अक्षरं बोटाएवढी होती.

"हो आई," तो म्हणाला. "मोठेच आहेत."