ओरेलिनचा खडा

मर्ल पावलिकच्या तळघरात बसायच्या जागा ठरलेल्या होत्या आणि त्यातली सगळ्यात वाईट जागा आर्लिस गुंडरसनची. मागे हरणाच्या मांसाने भरलेला फ्रीझर, डावीकडे भिंत. एकदा आत बसलं की बाहेर यायला सगळ्यांना उठवावं लागे. आर्लिस कोणाला उठवत नसे. कॉफीसुद्धा ती बेतानेच प्यायची.

आठवडाभर ती पशुखाद्याच्या दुकानात गल्ल्यावर असायची. तिथे बोलणं म्हणजे पोत्यांचे आकडे आणि हवापाणी. घरी तर तेवढंही नाही. रविवारी दुपारी मात्र मर्लच्या टेबलापाशी फासे टाकत, पात्रांची सोंगं घेऊन खेळायचा खेळ चाले; तिथे ती ओरेलिन व्हायची आणि वेनूरी बोलायची.

वेनूरी ही मर्लने बनवलेली भाषा. खेळ सुरू झाला तेव्हा त्याच्या अंगात उत्साह फार होता. मर्ल सूत्रधार, बाकीचे आपापल्या पात्राचे मालक. मारामारी, चोरी, जादू सगळं फाशांवर, पण जखमी माणूस बरा करायचा तर फासा चालणार नाही, असा नियम त्याने केला. मंत्र वेनूरीतच म्हणायचा, कागद न बघता, जखमीचं नाव घालून. बाकीच्यांनी ऐकलं आणि हळूच नजरा फिरवल्या. पाठांतर कोणाला हवं होतं? आर्लिस म्हणाली, "मी करते." मग तेच तिचं काम झालं, एकदा भांडी घासलेल्या सुनेचं होतं तसं.

तेव्हापासून या टेबलावरचा एकही हातपाय असा नव्हता जो ओरेलिनने जोडून दिला नव्हता. ड्वाइटचा ब्रोक नावाचा दांडगा योद्धा सगळ्यात मोठा देणेकरी. दार दिसलं की आधी डोकं घालायचं आणि मग ओरडायचं, "डॉक्टरीणबाई, पोट." मर्लची मेहुणी कॉनी हिची चोरटी जरा हिशेबी, पण विषारी कुलपांना हात लावायची खोड तिलाही. आर्लिस मंत्र म्हणायची, ते ताटलीतलं चीज खात थांबायचे, मर्ल होकारार्थी मान हलवायचा, खेळ पुढे. आभार कोणी मानत नसे. नळाचे आभार कोण मानतं?

फार पूर्वी, एका मोहिमेच्या लुटीत ओरेलिनच्या वाट्याला पांढरे खडे आले होते. खडा हातात धरून मंत्र म्हटला की कोणालाही जखमीला बरं करता येई, एकदाच. तिने ते स्वतःकडे ठेवले नाहीत. ब्रोकला एक दिला, चोरटीला एक. "मी पडले तर," एवढंच म्हणाली होती. दोघांनी आपापल्या कागदावर नोंद केली आणि विसरले.

त्या रविवारी ती पडली.

दोष कोणाचाच नव्हता. पुलावर राक्षस होते, ब्रोक नेहमीप्रमाणे पुढे घुसला, त्याला सावरायला ओरेलिन गेली आणि मर्लचा वीस तोंडांचा फासा नेमका वीसवर, म्हणजे राक्षसाच्या सगळ्यात जबर घावावर थांबला. मर्लने ओठ चावला.

"ओरेलिन" असं त्याने म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "बरी करणारी कोसळली. तीन फेऱ्या. तोवर कोणी मंत्र म्हटला नाही तर गेली. आणि आर्लिस, तुला नियम माहीत आहे, पडलेल्याने बोलायचं नाही."

आर्लिसने मान डोलावली. गेलेलं पात्र या टेबलावर परत येत नसे. ओरेलिन गेली तर नवं पात्र मिळालं असतं, कुऱ्हाडवालं किंवा धनुष्यवालं. फासा टाकायचा आणि गप्प बसायचं. वेनूरी मात्र गेली असती.

"खडा आहे की आपल्याकडे," कॉनी म्हणाली. "ड्वाइट, तू जवळ आहेस. म्हण."

"मी?"

"नाही, फ्रीझरमधलं हरीण."

ड्वाइटने टोपी मागे सारली. आर्लिसने नजर टेबलावर ठेवली. वर पाहिलं असतं तर ओठ हलले असते. ड्वाइट घसा खाकरून म्हणाला, "सा ब्रोक, उल मेरा थिन. सा ब्रोक, उल मेरा दोव. ता वेन, ब्रोक, ता वेन."

संपूर्ण. चुकीविना. इतकी वर्षं तो तोंडात चीज घेऊन ऐकत होता तर.

"बघा," ड्वाइट म्हणाला. "शाळेत कविता पाठ झाली नाही कधी."

सगळ्यांनी मर्लकडे पाहिलं. मर्लने आर्लिसकडे पाहिलं.

"बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

मग तिला कळलं. मागच्या हिवाळ्यात तिची एक ओळ घसरली होती आणि मर्लने मान हलवली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, बिचाऱ्याने सांभाळून घेतलं. सांभाळून घेतलं नव्हतं. ज्याने भाषा बनवली तोच ती केव्हाचा विसरला होता आणि नुसता सूर ऐकून मान हलवत होता. इतके रविवार ती एकटीच बोलत होती.

तिने मान डोलावली. शब्द बरोबर होते.

"पण यात नाव ब्रोकचं आहे," कॉनी म्हणाली. कॉनी बँकेत होती. तिला असल्या गोष्टी दिसायच्या. "तू स्वतःलाच बरं केलंस, गाढवा."

"मला ते तसंच येतं. माझ्यावर तसंच म्हणते ती."

"मग ब्रोकला फार बरं वाटतंय," मर्ल म्हणाला. "खडा संपला. दुसरी फेरी."

हसले सगळे. आर्लिससुद्धा, आवाज न करता.

"माझा आहे अजून," कॉनी म्हणाली. "शब्द आत्ताच ऐकले, म्हणते मी. फक्त नाव... डॉक्टरीणबाईचं नाव काय रे?"

कोपऱ्यातली घर तापवायची भट्टी घरघरली. ड्वाइट छताकडे बघत म्हणाला, "ओ ने सुरू होतं. की ए ने?" मर्लने आपले कागद उलटसुलट केले. त्यातही 'बरी करणारी' असंच होतं, प्रत्येक पानावर.

"अगं, कागद फिरव ना जरा," कॉनी म्हणाली.

नाव आर्लिसच्या हाताखालीच होतं. पुन्हा पुन्हा खोडून कागद पातळ झालेला, पण नाव ठळक. कागद फिरवणं म्हणजे बोलणं नव्हे. तिने हात उचलला आणि मांडीवर ठेवला. एवढं केलं. ज्याला वाचायचंय त्याने उठावं, चार पावलं यावं.

पण त्या बाजूला यायचं म्हणजे सगळ्यांनी उठायचं. ड्वाइटच्या मांडीवर खाण्याची ताटली होती.

"तिसरी फेरीही संपली," मर्ल म्हणाला, आणि मग अवघडून, "जाऊ दे. घरचेच आहोत. मंत्र म्हटला असं मानू या. बरी झाली."

"मानू या," ड्वाइट लगेच म्हणाला. "माझ्या पोटात पुन्हा भाला शिरायचाच आहे."

"नाही चालणार," आर्लिस म्हणाली.

पडलेला माणूस बोलला म्हणून की काय, सगळे दचकले.

"नियम तुझाच आहे, मर्ल. कोणी म्हटलं नाही. गेली ती."

मर्लने पेन्सिलने कुठेतरी एक रेघ मारली. ड्वाइटला ताटलीतलं काही गोड लागेना.

"मग आता आम्हाला कोण बरं करणार?" तो म्हणाला. तळघरात दुखवट्याचं तेवढंच बोलणं झालं.

निघताना मात्र सगळ्यांना उठावं लागलं.

बाहेर पाचलाच अंधारलं होतं. गाडीच्या काचेवर बर्फ धरला होता. हीटर लावून ती काच मोकळी व्हायची वाट बघत बसली. दारावर टकटक झाली. कॉनी होती, कोट न घालता, हातात आर्लिसने खाणं आणलेलं कॅसरोलचं भांडं, धुतलेलं.

"विसरलीस." तिने भांडं आत दिलं, पण गेली नाही. "काय नाव होतं तिचं?"

"ओरेलिन."

"ओरेलिन," कॉनी म्हणाली. थंडीने तिचे दात वाजत होते. "छान होतं."

ती पळत आत गेली. आर्लिसने भांडं शेजारच्या सीटवर ठेवलं. काच अजून अर्धीच मोकळी झाली होती.