न परतलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुना तेलघाणा आहे. बैलाचा नव्हे, विजेवर चालणारा. माझ्या पोटात जाड मळसूत्र फिरते. वरून बी पडते, खालून तेल येते. दोन बहिणींनी मला भंगारातून उचलले, घासूनपुसून घरामागच्या खोलीत बसवले. थोरली फटकळ, धाकटी कामाला चटपटीत.

आधी मी तीळ आणि जवस गाळत असे. मग सरकारने हेम्पच्या बियांना परवानगी दिली. हेम्प म्हणजे भांगेच्याच जातीचे, पण नशेचा अंश नाममात्र असलेले झाड. हा अंश असतो पानाफुलांत आणि बीभोवतीच्या टरफलात. म्हणून बी स्वच्छ पाखडूनच गाळायचे आणि तेलातला अंश ठरलेल्या मर्यादेत ठेवायचा, असा नियम होता. माझे हिरवट तेल लोकांना फार आवडे. थोरली माझ्यावर हात ठेवून म्हणायची, "हा आपला कमावता भाऊ!"

एकदा मागणी एकदम वाढली. नव्या व्यापाऱ्याकडून पोती आली आणि घाईत धाकटीने बी न पाखडताच ओतले. माझ्या घशात काहीतरी चिकटले. पाल्याचा उग्र वास सुटला. मला ओरडावेसे वाटले. पण घाण्याला तोंड असते ते फक्त खाण्यापुरते.

"चल रे, नखरे करू नकोस," धाकटी म्हणाली. बाटल्या भरल्या आणि विकल्याही गेल्या.

त्यानंतर दुसऱ्या एका शहरात कुणीतरी हेम्पचा कडक अर्क घातलेली चॉकलेटे विकली. मुले आजारी पडली. सरकार खडबडून जागे झाले आणि घाण्यांची तपासणी सुरू झाली. आमच्याकडे एक तपासनीस बाई आल्या.

"अहवाल येईपर्यंत घाणा बंद ठेवावा लागेल," त्या म्हणाल्या.

"अहो, चॉकलेटं त्यांनी विकली आणि शिक्षा आम्हाला? आमच्या तेलात काय सापडणार तुम्हाला?" थोरली कडाडली.

"काही नाही सापडलं तर मलाच बरं वाटेल, ताई."

बाईंनी फळीवरची एक बाटली घेतली. ती जुन्या, स्वच्छ बियांची होती. धाकटी गप्प बसली असती, तर आम्ही सहज सुटलो असतो. माझा जीव टांगणीला लागला.

"ताई," धाकटी पुटपुटली, "शेवटची पोती मी पाखडलीच नव्हती."

थोरलीचा चेहरा उतरला. "हे आत्ता सांगतेस होय गं?"

"समोरच्या वहिनी बाळाच्या भातात घालतात ते तेल. मला राहवेना."

थोरली क्षणभर खाली बसली. मग उठली, माझ्या गळ्यातला चिकट गाळ तिने खरवडून काढला आणि बाईंच्या हातात दिला. "हाही तपासा," ती म्हणाली.

गाळातला अंश मर्यादेच्या बराच वर निघाला. आमचा परवाना स्थगित झाला, माझ्यावर सरकारी मोहोर लागली. बहिणी मात्र त्याआधीच दारोदार धावल्या होत्या. वहिनींची बाटली अजून उघडलीही नव्हती, तेव्हा धाकटी त्यांच्या उंबऱ्यातच रडली. एकेक करून बाटल्या परत आल्या. एक तेवढी आली नाही. बाजारात कुणा अनोळखी माणसाने ती नेली. त्याचा चेहराही दोघींना आठवत नाही.

मी आता गप्प उभा आहे. पायरीवर पाऊल वाजले, की दोघी एकदमच दाराकडे बघतात.

मित्रांनो, आमच्या पोटात जे जाते, तेच तुमच्या ताटात येते. म्हणून बी निवडताना घाई करू नका, आणि तपासायला येणाऱ्यावर चिडू नका. आणि तुमच्या फळीवर हिरवट तेलाची, पांढऱ्या बुचाची एखादी बाटली असेल, तर कृपा करून ती उघडू नका. आणून द्या. थोरली अजिबात रागावणार नाही.