द्वारकेचा न भाजलेला वाफा

ते साल १९४६. लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं, आणि कर्जत स्टेशनाच्या भिंतीवर ‘धान्य जास्त पिकवा’ असं सांगणारा सरकारी कागद उन्हानं पिवळा पडला होता. त्या वर्षी दहिवलीच्या विष्णुपंत वकिलांच्या द्वारकेनं ठरवलं की हे काम आता आपणच हातात घ्यावं.

द्वारका तेव्हा चोवीस वर्षांची होती. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली तालुक्यातली ती पहिलीच मुलगी. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच चौकशी करून काढलं होतं. मुंबईच्या प्राध्यापकांनी तिला एम.एस्सी.च्या संशोधनासाठी घ्यायचं कबूल केलं होतं, पण एका अटीवर. दोन वर्षांचा खर्च तिनं स्वतः कुठून तरी उभा करायचा. वडिलांची, म्हणजे अप्पांची, वकिली चालायची, पण फी बहुतेक तांदूळ, वाल आणि आशीर्वाद यांत यायची. खर्चाची सोय झाली नाही तर पेणला मुलींच्या शाळेत जागा होती. शाळा चांगली होती. फक्त तिथं शिवण आणि स्वयंपाकही शिकवावा लागणार होता, आणि द्वारकेला दोन्ही येत नव्हतं. शाळेला वैशाख संपायच्या आत होय-नाही कळवायचं होतं.

संशोधनाचा विषय तिनं निवडला तो राब. भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या डहाळ्या आणि गवत यांचा थर द्यायचा, वर माती टाकायची आणि ते सगळं पेटवून द्यायचं. मग त्या भाजलेल्या वाफ्यात बी पेरायचं. कर्जत-खालापुराकडे उन्हाळा सरत आला की डोंगराच्या पायथ्याला जिकडंतिकडं हा धूर दिसायचा. त्यासाठी झाडं पार बोडकी व्हायची. तर एवढं भाजणं खरोखर गरजेचं आहे का, असा प्रश्न द्वारकेला पडला. तो याआधी बऱ्याच शहाण्या माणसांना पडून गेला होता हे तिला पुढं कळलं. त्या वेळी तिला वाटलं की जगात हा प्रश्न पहिल्यांदा दहिवलीच्या माजघरातच सुचला.

मुंबईत एका दिवंगत सूतव्यापाऱ्याच्या नावानं ट्रस्ट होता. तो शेतीच्या संशोधनाला पैसे द्यायचा. द्वारका अर्ज लिहायला बसली तसे अप्पा विड्याचं पान लावता लावता म्हणाले, “तू ऊठ. अर्ज कसा करायचा ते मला शिकवू नकोस. तीस वर्षं मी दुसरं काय केलं?”

अप्पांनी इंग्रजीत अर्ज केला. अर्जदारीण सज्ञान असून वर नमूद केलेल्या पत्त्यावर राहते, इथपासून सुरुवात होती. राब भाजणारे शेतकरी हे सदर कृत्य पिढ्यान्‌पिढ्या, उघडपणे व अखंड करीत आले आहेत, असं दुसऱ्या कलमात होतं. शेवटी अर्जदारणीला योग्य ती दाद मिळावी आणि खर्चही मिळावा, अशी प्रार्थना होती. द्वारकेनं तो वाचला आणि तिला तो फार भारदस्त वाटला.

ट्रस्टच्या चिटणिसांचं उत्तर नम्र होतं. आपली तक्रार नेमकी कुणाविरुद्ध आहे ते ध्यानात आलं नाही, परंतु असे तंटे सोडवण्याचा अधिकार ट्रस्टला नाही, तरी आपण स्थानिक कोर्टात जावं.

“इंग्रजीत चूक काढता आली नाही त्यांना,” अप्पा म्हणाले.

दुसरा अर्ज द्वारकेनं स्वतः लिहिला. तो लिहिताना तिच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. राब थांबला की झाडं वाचतील, झाडं वाचली की पाऊस वेळेवर येईल, पाऊस वेळेवर आला की इलाख्यातला दुष्काळ हटेल, असं करत करत ती सातव्या पानावर हिवतापापर्यंत पोचली. हिवताप कसा हटणार हे तिला नीट माहीत नव्हतं, पण पानावर जागा उरली होती.

उत्तर आलं की आपल्या योजनेला लागेल एवढा निधी बहुधा प्रांतिक सरकारजवळही नसावा.

तेव्हा कुठं तिनं सुचेताला बोलावलं. सुचेता तिची कॉलेजातली मैत्रीण. मुंबईत एका कचेरीत टाइपिस्ट होती, त्यामुळं दिवसभर लोकांचे अर्ज वाचायचे हाच तिचा धंदा. रविवारी ती दहिवलीला आली, दोन्ही अर्ज वाचले आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ खोकली.

“हसतेस ना गं?” द्वारकेनं विचारलं.

“छे. हिवताप झालाय.”

मग ती सरळ बसली. “हे बघ, आमचे साहेब दुसरं पान उलटत नाहीत. तू काय करणार, कुठं करणार आणि केव्हा संपवणार, एवढंच लिही. इलाखा सोड. एक शेत घे.”

“एका शेतानं काय होतंय?”

“एका शेताचे पैसे मिळतात.”

तिसरा अर्ज दीड पानाचा झाला. कर्जतजवळच्या कोंडाणे गावातल्या एका शेतात शेजारी शेजारी दोन वाफे. एक भाजलेला, एक न भाजलेला. दोन्हींत एकच बी. कुठली रोपं बरी येतात ते पाहायचं. द्वारकेला हे फारच कमीपणाचं वाटलं, पण सुचेतानं टाइप करून टाकलं होतं. ट्रस्टनं कळवलं की निर्णय घेण्यापूर्वी आमचे सल्लागार श्री. शरच्चंद्र गुप्ते, निवृत्त शेतकी अधिकारी, वैशाखात जागेवर येऊन दोन्ही वाफे पाहतील.

शेत भिवाजीचं. तो अप्पांचा जुना पक्षकार. शेजारच्या येसाजीशी त्याचा बांधावरून दावा चालू होता, आणि तो इतकी वर्षं चालू होता की दोन्ही घरं तारखेला जाताना नवी कापडं घालायची. भिवाजीनं आनंदानं जागा दिली. द्वारकेनं दोन वाफे आखले, समोर उभं राहून एक भाजून घेतला आणि दुसऱ्याकडं बोट दाखवून सांगितलं, “हा असाच राहू द्या. याला काही करू नका.”

“का गं ताई?” भिवाजीच्या बायकोनं, जयवंतानं विचारलं.

“पुढं कळेल,” द्वारका म्हणाली. असं म्हणताना शास्त्रज्ञ जसे हसत असतील असं तिला वाटायचं तशी ती हसली, छत्री उघडली आणि बैलगाडीत जाऊन बसली.

गुप्तेसाहेब ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीनं उतरले. बारीक, उन्हात रापलेला माणूस, डोक्यावर जुनी सोलाहॅट. बोलणं कमी. अप्पाही काळा कोट घालून बरोबर निघाले. “बाजू मांडायला कुणी तरी हवं,” ते म्हणाले. कोंडाण्यापर्यंत गाडीत द्वारका एकटीच बोलत होती. भाजलेल्या मातीत काय होतं, न भाजलेलीत काय होत नाही, तुलनेचं महत्त्व काय, यावर तिनं साहेबांना पुष्कळ माहिती दिली. साहेबांनी नोकरीची सगळी वर्षं भातातच काढली होती हे तिनं ध्यानात घेतलं नव्हतं.

शेताशी पोचले तेव्हा भिवाजी धुतलेलं धोतर नेसून उभा होता. मागं जयवंता आणि वाडीतल्या चारपाच बायका होत्या. बांधापलीकडं येसाजी आपला काही संबंध नाही अशा तोंडानं हजर होता.

“तर इथं आपल्याला फरक स्पष्ट दिसेल,” असं म्हणत द्वारकेनं हात पुढं केला.

दोन्ही वाफे काळेभोर होते. राख सारखी पसरलेली, कडा झाडून साफ केलेल्या. द्वारकेला आधी वाटलं, शेत चुकलं.

“यातला न भाजलेला कोणता?” गुप्त्यांनी विचारलं.

“आता एक बी नाय, सायेब,” भिवाजी खुशीत म्हणाला. “एक राहिला व्हता ताईचा. त्यो आमी परवा भाजला. चिंता नाय.”

“पण मी नको म्हटलं होतं ना, भिवाजी?” द्वारकेनं विचारलं.

“तुमी म्हननारच,” जयवंता पुढं आली. “वकिलाचं घर, गोठ्यात गुरं नाय. शेण आननार कुठनं? मागायला लाजली आसंल पोर, म्हनलं. आमच्यात कुनाचा वाफा राहिला तर मागायची वेळ येऊ देत नाय गं. आन मुंबईचं पाव्हनं येनार. समद्यांनी पाटी पाटी घातली. येसाजीच्या घरनं दोन आल्या.”

“येसाजीनं दिल्या?” अप्पांनी दचकून विचारलं. त्यांना दाव्याची काळजी वाटली.

“वाफा ताईचा हाय,” येसाजी बांधावरून म्हणाला. “भिवाजीला नाय दिल्या.”

गुप्तेसाहेब वाफ्याशी गेले. खाली बसून त्यांनी राख बोटानं उकरून पाहिली.

अप्पांनी द्वारकेला चार पावलं बाजूला घेतलं. “तो तिकडचा पडीक तुकडा दिसतोय ना, तो दाखव. तोच दुसरा वाफा म्हणून सांग. पुढचं मी बघतो.”

तुकडा खरंच होता. आकारानंही बरा होता. द्वारकेच्या डोक्यात एक चांगलं इंग्रजी वाक्य तयार झालं, त्यात व्याकरणाची चूक नव्हती. दुसऱ्या बाजूला पेणची शाळा, शिवणाचं मशीन आणि तिच्या हातून बिघडलेली काजं घेऊन उभ्या राहिलेल्या मुली तिला स्पष्ट दिसत होत्या. ती साहेबांपाशी गेली. तोंड उघडलं. तेवढ्यात जयवंतानं तिच्या हातात ताकाचा तांब्या दिला आणि हळूच विचारलं, “बरं झालंय न्हवं?”

द्वारकेनं ताक प्यायलं. मग म्हणाली, “साहेब, न भाजलेला वाफा नाही. दोन्ही भाजलेत. काय करायचं नाही ते मी यांना सांगितलं होतं. का नाही, ते सांगितलं नाही.”

“का नाही सांगितलं?”

“त्यांना कळणार नाही असं वाटलं.”

“आणि ट्रस्टला तीन वेळा सांगितलंत.”

“हो.”

“त्यातल्या दोन वेळा ट्रस्टलाही कळलं नव्हतं,” गुप्ते म्हणाले. “आता यांना सांगा. मी ऐकतो.”

तिथं उन्हात उभं राहून द्वारकेनं सांगितलं. गाडीतलं भाषण तिला आठवेना, म्हणून साधंच सांगावं लागलं. एक भाजायचा, एक नाही, दोन्हींत एकच बी, मग बघायचं.

“एवढंच?” जयवंता म्हणाली. “मंग त्या दिशी बोलायला काय झालं व्हतं गं?”

द्वारकेनं रिकामा तांब्या तिला परत दिला.

“पन माज्या शेतात कोरा वाफा नको,” भिवाजी डोकं खाजवत म्हणाला. “लोक म्हनतील, भिवाजी आळसावला.”

“येसाजीच्यात ठेवा मंग,” जयवंता म्हणाली. “तसं बी त्याच्यात काय येत नाय.”

येसाजी बांध ओलांडून आला. इतक्या वर्षांत तो कोर्टाच्या हुकमावाचून पहिल्यांदाच अलीकडं आला होता. “आमच्यात येत नाय व्हय? ठेवा ताई. बांधाला लागून ठेवा, माती एकच हाय. न भाजता ठेवा, आन बघू कुनाचं वर येतंय.”

“माती एकच, हे लिहून घ्या,” अप्पा पुटपुटले. पण लिहून कुणीच घेतलं नाही.

गुप्तेसाहेबांनी ट्रस्टला जसं घडलं तसं कळवलं. अर्जदाराला अजून खूप शिकायचं आहे, असंही लिहिलं. ट्रस्टनं दोन वर्षांऐवजी एकाच वर्षाचे पैसे मंजूर केले, आणि दुसऱ्या वर्षाचं काम बघून ठरवू म्हणाले. द्वारकेनं पेणला नकार कळवला. त्या शाळेतल्या मुलींवर तिनं केलेला हा सर्वांत मोठा उपकार.

पहिल्या वर्षी येसाजीचा न भाजलेला वाफा असा तरारून आला की द्वारका हर्षानं वेडी व्हायची बाकी राहिली. प्राध्यापकांना तिनं लांबलचक पत्र टाकलं. श्रावणात कळलं की भिवाजीपुढं हार जाऊ नये म्हणून येसाजीनं त्यात गुपचूप कुजलेलं शेण घातलं होतं. पत्र परत मागवता आलं नाही. पहिल्या वर्षाचं सगळं काम बाजूला ठेवावं लागलं. हेही तिनं ट्रस्टला लिहिलं, या वेळी एका पानात, आणि ट्रस्टनं काय मनात आलं कोण जाणे, दुसरं वर्ष दिलं. त्या वर्षी तिनं दोन्ही घरांना रोज जाऊन समजावलं. निष्कर्ष असा निघाला की भाजलेल्या वाफ्यातली रोपं बरी येतात, आणि पाला थोडा कमी घातला तरी बहुधा चालतं. ‘बहुधा’ हा शब्द काढावा असं प्राध्यापकांनी सुचवलं. तिनं तो ठेवला.

पुढं द्वारका एम.एस्सी. झाली, मुंबईच्या एका कॉलेजात शिकवू लागली. तिथंच एका रसायनाच्या प्राध्यापकाशी तिनं उशिरा लग्न केलं. अप्पांनी पन्नास साली वकिली सोडली आणि त्यानंतर चार वर्षांनी, दुपारी झोपेत गेले. सुचेता कचेरीत सगळ्या टाइपिस्टांची प्रमुख झाली, लग्न केलं नाही, आणि बहिणीच्या मुलांना तिनं शिकवून मोठं केलं. गुप्तेसाहेब पुण्याला मुलाकडं गेले. दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, एक वर्ष आलं नाही. भिवाजी आणि येसाजी यांचा दावा कोर्टातून निकालात निघायच्या आधी भिवाजीच्या नातवाचं येसाजीच्या नातीशी जमलं, आणि बांध कुणाचा हे विचारायचं कारण राहिलं नाही. जयवंता सगळ्यांत जास्त जगली. शेवटी तिला दिसत नव्हतं, पण पाहुणा आला की त्याच्या आवाजावरून तो कुठल्या गावचा ते ती सांगायची आणि बहुतेक बरोबर सांगायची.

द्वारका निवृत्त होऊन दहिवलीला परत आली. खिडकीत तिनं कुंड्या ठेवल्या आहेत. त्यांत ती दर वर्षी काही तरी लावते, आणि जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईच्या हातून ते दर वर्षी मरतं.